जोडसुरांच्या आधी

शाख्नोव्स्की मोठा की तुमारिन, या वादापायी माल्या अर्नाउत्स्काया रस्त्यावरच्या आमच्या चौकात दोन सख्खे भाऊ अख्खा हिवाळा एकमेकांशी बोलले नव्हते. ओदेसात याचं कुणाला विशेष वाटत नाही. इतर गावांत माणसं जमिनीवरून भांडतात. आमच्याकडे जमीन सरकारची, तेव्हा भांडायला व्हायोलिनवाले उरतात.

खरं तर या वादात शेवटचा शब्द फिरा लाझारेव्हना लेर्मानचा असायला हवा होता. ती तळमजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत राहायची आणि संगीतशाळेत व्हायोलिनच्या वर्गाला पियानोवर साथ करायची. पोर लहान असो की मोठं, त्याच्या मागे बसून सगळ्या वाद्यवृंदाचा भार एकटीनं पेलायचा, ते चुकलं की कुणाच्या लक्षात येऊ न देता सावरून घ्यायचं आणि टाळ्या पडल्या की त्याच्याकडे हात करून आपण मान खाली घालायची, हे तिचं काम. युद्ध संपल्यापासून ओदेसात जो कुणी व्हायोलिन शिकला, तो फिराच्या हाताखालून गेला. पण शाख्नोव्स्की की तुमारिन असं विचारलं की ती हसायची आणि टेबलावरची चादर झटकायला लागायची. साथ करणाऱ्यानं बाजू घ्यायची नसते, असं तिचं म्हणणं.

मोन्या न्हावी रविवारी सकाळी सज्ज्यातून हमखास ओरडायचा, "फिरा लाझारेव्हना, तुम्हीच न्याय करा! शाख्नोव्स्की वाजवायला लागला की मला माझी आई आठवते. तुमारिन वाजवतो तेव्हा मला काही म्हणजे काहीच आठवत नाही. मग तिकिटाला पैसे कशाला घालायचे?"

"आई आठवायला तुला तिकीट लागतं होय रे?" वरच्या सज्ज्यातून त्सिल्या गरजायची. तिच्या कढईत मासे तडतडत असायचे, पण तिचा आवाज त्यांच्याही वर जायचा. "जिवंत आहे ती, मेल्या! प्रिव्होझ बाजाराच्या मागे राहते. ट्रामनं जाऊन ये, स्वस्तात पडेल."

"त्सिल्या, मी कलेबद्दल बोलतोय."

"मी पण आईबद्दलच बोलतेय."

"दोघंही खरं वाजवतात, मोन्या," फिरा खालून म्हणायची.

"हे काय उत्तर झालं?"

"त्सिल्या आणि तिची जाऊ एकाच टोपलीतले मासे घेतात. रस्सा एकसारखा लागतो का?"

"तिच्या त्या पाण्याला तू रस्सा म्हणणार असशील," त्सिल्या म्हणायची, "तर फिरा, तुझ्याशी संगीतावर बोलण्यात अर्थ नाही."

फिरा हसण्यावारी न्यायची, पण बोलायची ते मनापासून. त्या वर्षी वसंतात शाख्नोव्स्की येऊन गेला होता. ब्राम्सच्या व्हायोलिन-पियानो सोनाटातला संथ भाग त्यानं असा वाजवला की तिसऱ्या रांगेतल्या बायकांना रुमाल काढायचंही भान राहिलं नाही. धिप्पाड माणूस, कपाळावर घाम, प्रत्येक सूर उराशी धरून हलवल्यासारखा. फिरा मागच्या भिंतीला टेकून उभी होती. ज्या सुरांवर तिची बोटं रोज फिरायची, त्यांत एवढं रडू दडलेलं होतं हे तिला ठाऊकच नव्हतं. घरी आल्यावर तिला बराच वेळ चहा करायचंही सुचेना. एका माणसाच्या हातात एवढं देणाऱ्या देवावर तिचा विश्वास नव्हता, पण त्या संध्याकाळी तिनं त्याचे आभार मानले.

तुमारिनला मात्र ती फक्त रेडिओवर ऐकायची, तेही खिडक्या लावून. चौकाला वाटायचं, एकाग्रतेसाठी लावते. कारण वेगळं होतं. अर्काडी तुमारिन तिच्याच वर्गातला. तेव्हा तो नुसता अर्काशा होता आणि वर्गात दुसरा होता. पहिला होता इझ्या ब्रोदेत्स्की.

इझ्याचं आणि फिराचं लग्न ठरलं होतं असं म्हणता येणार नाही. पण चौकातल्या बायकांनी ते ठरवलं होतं, म्हणजे ठरल्यातच जमा होतं. दोघं मिळून हाच सोनाटा बसवत होते. त्या संथ भागात एक जागा आहे. व्हायोलिन एकेरी सुरांनी गात गात वर चढतं आणि मग एकदम दोन तारांवरचे जोडसूर लागतात, एकाच्या जागी दोन माणसं गायला लागावीत तसे. त्या जोडसुरांच्या आधी इझ्या थांबायचा. स्वरलिपीत तिथे काही लिहिलेलं नाही. मास्तर टेबलावर मूठ आपटून ओरडायचे, "ब्रोदेत्स्की, कागदावर थांबा आहे का?" इझ्या शांतपणे म्हणायचा, "कागदावर श्वाससुद्धा लिहिलेला नाही, मास्तर, तरी तुम्ही घेताच की." मग फिराला हळूच सांगायचा, "कुणाच्या दारावर थाप मारण्याआधी माणूस जरा थांबतो ना, आत कोण आहे याची चाहूल घ्यायला? तेवढंच थांब."

एकेचाळीस साली शत्रू चालून आला तेव्हा इझ्या शहराच्या वेशीवर लढायला गेला. फिरा आईला घेऊन जहाजानं निघाली आणि ताश्कंदला पोचली. मागे राहिलेल्या ज्यूंचं काय झालं, त्याबद्दल आमच्याकडे जेवताना बोलत नाहीत. ती परतली तेव्हा इझ्याचं घर नव्हतं, घरचे नव्हते, कबर नव्हती, एक फोटोसुद्धा हाती लागला नाही. उरला होता तो जोडसुरांच्या आधीचा थांबा, आणि तो फिराच्या दहा बोटांत होता.

तिनं तो टिकवला. कुणाला सांगितलं नाही, शिकवला तर नाहीच. पण साथ करताना त्या जागेवर तिचा हात आपोआप रेंगाळायचा आणि पुढे उभ्या पोराला झक मारत थांबावं लागायचं. पोरं मोठी झाली, मास्तर झाली, त्यांची पोरं शिकायला लागली आणि तीही थांबायला लागली. मॉस्कोचे परीक्षक म्हणायचे, ही ओदेसाची मुलं तिथे अशी का अडखळतात? एकदा ल्यूबा नावाच्या तिच्या धीट विद्यार्थिनीनं सरळ विचारलंच, "फिरा लाझारेव्हना, इथे थांबायचं कुठे लिहिलंय?"

"इथे थांबतात," फिरा म्हणाली.

"पण का?"

"थांबतात म्हणून थांबतात. चल, परत."

आणि त्या शरदात भिंतीवर पत्रकं लागली: अर्काडी तुमारिन, ब्राम्स. गाव सोडल्यापासून तो इकडे फिरकला नव्हता. चौकात मोन्यानं जाहीर केलं की आपण जाणार, पण फक्त निषेध म्हणून. फिरानं मागच्या रांगेतलं तिकीट काढलं.

ते तिकीट वाया गेलं. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी फिलहार्मोनी सभागृहाचे व्यवस्थापक घामाघूम होऊन शाळेत आले. तुमारिनच्या साथीदाराचा अंगठा आगगाडीच्या दारात सापडला होता. दुसरा माणूस आणायला वेळ नव्हता, कार्यक्रम रद्द करायला तोंड नव्हतं. "मी त्यांना म्हटलं, काय करू?" व्यवस्थापक सांगत होते. "तर ते म्हणाले, फिरा लेर्मान जिवंत आहे ना? मग धावपळ कसली करताय?"

एवढ्या मोठ्या वादकाबरोबर वाजवायचं म्हणजे फिराला भीतीच वाटली. तरी ती उठली, ल्यूबाला म्हणाली, "आजचा तास उद्या," आणि कोट घालून निघाली.

रिकाम्या सभागृहात मंचावर तुमारिन उभा होता, वाळलेला, काठीसारखा ताठ, केस पार पांढरे.

"म्हातारी झालीस," तो म्हणाला.

"तूही काही कोवळा राहिला नाहीस, अर्काशा. चल, तारा लाव."

त्यांनी पहिला भाग वाजवला आणि फिराची भीती उडाली. या माणसाबरोबर वाजवणं इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. तो काही दाखवत नव्हता, काही मागत नव्हता. मग संथ भाग सुरू झाला. त्यानं सगळ्यात जाड तारेवर गज ठेवला आणि तो सूर फिराला कानात नाही, बसल्या बाकाच्या लाकडातून पाठीत ऐकू आला. रेडिओ यातलं काहीच घरी आणत नव्हता. तिचे डोळे भरले. गाणं वर चढत गेलं, जोडसुरांची जागा आली, फिराचा हात रेंगाळला, आणि तुमारिन सरळ पुढे निघून गेला. पियानो मागे पडला.

त्यानं गज खाली घेतला. "कुणासाठी थांबलीस?"

फिरानं स्वरलिपीचं पान मागे उलटलं.

"पुन्हा घेऊ," तो म्हणाला.

पुन्हा तेच झालं. तिनं मनाशी ठरवलं होतं, पण हात ऐकेना.

"फिरा," तो हळू पण स्पष्ट म्हणाला, "इझ्या येणार नाहीये. इथे मी उभा आहे."

तिनं पियानोचं झाकण लावलं. "तुझा तेव्हाही त्याच्यावर जळफळाट व्हायचा."

"व्हायचा," तुमारिन म्हणाला. त्यानं एवढ्या सरळपणे कबूल केलं की तिला पुढे भांडताच येईना. "तरी माझ्याबरोबर वाजव. संध्याकाळी भेटू."

फिरा पायीच घरी आली. अकेशियाच्या झाडांची पिवळी पानं फुटपाथभर पडली होती आणि ती त्यांतून पाय ओढत चालली होती. सगळ्या गावासमोर, आपल्याच पोरांसमोर ती जागा सरळ वाजवायची म्हणजे इझ्या नव्हताच असं म्हणण्यासारखं होतं. आणि थांबायचं म्हणजे ज्याची साथ करायला बसलो त्यालाच मंचावर पाडायचं. आयुष्यात तिनं हे कधी केलं नव्हतं. हिरमुसलेल्या, सुराला कच्च्या पोरांनाही तिनं कधी एकटं सोडलं नव्हतं.

घरी सगळा चौक तिची वाट बघत होता. बातमी तिच्या आधी पोचली होती. त्सिल्यानं आपला मखमली झगा आणला होता, त्यात दोन फिरा मावल्या असत्या. मोन्या कात्री घेऊन सज्ज होता. "निषेध रद्द," त्यानं सांगितलं. "आता तो आमच्या फिराची साथ करतोय, तेव्हा ऐकून घेऊ."

त्सिल्या टाचण्या तोंडात धरून झगा आवळत होती. तिला फिराचा चेहरा दिसला. तिनं मोन्याला बाहेर घालवलं, टाचण्या काढल्या आणि विचारलं, "काय झालं गं?"

फिरानं सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

त्सिल्या बराच वेळ काही बोलली नाही, आणि हे आमच्या चौकात याआधी घडलेलं कुणाला आठवत नाही. मग म्हणाली, "रोज त्या पोराला शाळेत घेऊन जातेस, रोज त्याला उभं करतेस. दमला असेल तोही. एक संध्याकाळ त्याला घरी बसू दे, फिरा. मी मासे तळलेत, वांग्याचं भरीत केलंय. उपाशी नाही राहणार तो."

फिरा हसली आणि मग रडली. त्सिल्यानं तिला रडू दिलं, फक्त मखमल तेवढी बाजूला धरली.

संध्याकाळी सभागृह खचाखच भरलं. मागच्या रांगांत तिचेच विद्यार्थी बसले होते. कुणाला टक्कल पडलं होतं, कुणाच्या मांडीवर पोर होतं. फिरानं त्यांच्याकडे बघायचं टाळलं. संथ भाग आला. तुमारिननं डोळे मिटले नाहीत, मान हलवली नाही, चेहऱ्यावर काही आणलं नाही. तो नुसता वाजवत होता. फिरानं सगळं मन त्याच्या गजावर लावलं. गाणं चढत गेलं, ती जागा आली, तिनं बोटांना सांगितलं, चला, आणि ती त्याच्याबरोबर पुढे गेली.

आणि तिथे तिनं जे ऐकलं, ते ती आयुष्यात विसरली नाही. आजवर त्या जोडसुरांशी ती कायम थांबून, दबकत पोचली होती. ते न थांबता आले तर कसे येतात हे तिनं ऐकलंच नव्हतं. ते असे आले की जणू दार कधी लावलेलंच नव्हतं. रडू नाही, आठवण नाही, विनवणी नाही. नुसता उजेड. शाख्नोव्स्की इथे माणसाला त्याच्या दुःखाकडे घेऊन गेला होता आणि हा माणूस दुःखाच्या पलीकडे उभा राहून म्हणत होता, या, इथे जागा आहे. मोन्याला काहीच आठवत नाही ते का, हे फिराला आत्ता उमगलं. इथे आठवायला मागे वळायची गरजच नव्हती. तेच सूर, तोच कागद, आणि दोन्ही खरं! या शिखरांच्या पायथ्याशी आपल्याला जन्मभर बसायला मिळालं, एवढंच तिच्या मनात आलं.

पण त्याच क्षणी तिला आणखी एक आवाज ऐकू आला. मागच्या रांगांतून. तिच्या सगळ्या पोरांनी त्या जागेवर श्वास रोखला होता. संगीत पुढे निघून गेलं आणि सभागृहाची मागची बाजू जोडसुरांच्या आधी थांबून राहिली. मग एकाच वेळी सगळ्यांचा श्वास सुटला. तुमारिननं मान हलवली नव्हती, पण त्याची नजर क्षणभर तिकडे गेली.

सोनाटा संपला. टाळ्या थांबेनात. वन्स मोअरचा ओरडा सुरू झाला, त्यात मोन्याचा आवाज सगळ्यांत मोठा. तुमारिन पियानोजवळ आला आणि वाकून फिराला म्हणाला, "तोच भाग परत घेऊ. आता त्याचा."

"किती थांबू?" फिरानं कुजबुजत विचारलं.

"माझ्याकडे बघ."

तो पुन्हा वाजवायला लागला, आणि हा दुसराच माणूस होता. खांदे सैल, मान जरा डावीकडे कललेली. फिरा चरकली. इझ्याची मान अशीच कलायची. गाणं चढलं, जागा आली आणि तुमारिन थांबला. फिराचा हात सवयीनं पुढे निघाला आणि तिनं तो मागे खेचला, कारण तो अजून थांबलेलाच होता. तिच्या थांब्याहून कितीतरी लांब. गज तारेवर टेकलेला, आवाज नाही. सगळं गाव दाराशी उभं राहून चाहूल घेत होतं. तेव्हा फिराला कळलं की इझ्या खरंच इतका थांबायचा. पोरांना सांभाळता सांभाळता, त्यांचा धीर सुटू नये म्हणून तिनं दरवर्षी तो थांबा थोडा थोडा आखडता घेतला होता आणि तिचं तिलाच कळलं नव्हतं. पुरा थांबा या माणसानं ठेवला होता. एकदाही न वाजवता.

मग जोडसूर लागले.

नंतर खोलीत तुमारिन व्हायोलिन पुसत बसला होता. बाहेर लोक दार ठोठावत होते.

"सगळे मला बर्फाचा गोळा म्हणतात," तो म्हणाला. "त्या जागेवर थांबलो तर तिथे तोच उभा असायचा. त्याला ढकलून मी कसा वाजवणार? म्हणून मी न थांबता कसं जायचं ते शिकलो. फार वर्षं लागली, फिरा."

"सुंदर होतं ते," फिरा म्हणाली. "दोन्ही."

"घरी काय आहे जेवायला?"

"मासे. आणि भरीत. त्सिल्यानं इझ्यासाठी ठेवलंय."

"मग चल," तुमारिन म्हणाला. "वाट बघत असेल."

दुसऱ्या दिवशी शाळेत ल्यूबाचा राहिलेला तास झाला. तीही काल सभागृहात होती, तिचे डोळे अजून सुजलेले होते. तिनं व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि संथ भाग सुरू केला. जोडसुरांच्या अलीकडे येताच तिनं गज उचलला आणि वळून पाहिलं.

"फिरा लाझारेव्हना, आता काय करायचं? थांबायचं की नाही?"

फिराची बोटं पट्ट्यांवर तयार होती.

"तुला थांबायचंय का?" तिनं विचारलं.

ल्यूबा विचारात पडली. असं तिला त्या खोलीत कुणी कधी विचारलं नव्हतं.

"मला अजून माहीत नाही," ती म्हणाली.

"मग वाजवून बघ," फिरा म्हणाली. "मी आहे तुझ्याबरोबर."